वाचकांचे प्रश्न : वडीलकी, मेहेरबानी आणि ‘आपण इथे सही करायची हं’

प्रश्न (एक वाचिका, विलेपार्ले) : मी हिशेब खात्यात 33 वर्षे नोकरी करून निवृत्त झाले आहे. गेल्या महिन्यात मुदत ठेवीच्या कामासाठी मुलाला बरोबर घेऊन बँकेत गेले होते. व्याजातून कर कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म वेळेवर भरूनही कर का कापला गेला, असे मी तिथल्या तरुण कर्मचारी मुलीला विचारले. तिने माझ्याकडे पाहून गोड हसून ‘आजी, तुम्ही नका हं टेन्शन घेऊ’ असे म्हटले आणि प्रश्नाचे उत्तर माझ्या मुलाला दिले. मुलगा छायाचित्रकार आहे. त्याला व्याज आणि कर यांतले काहीही कळत नाही. नंतर कागद माझ्यापुढे सरकवून ‘आता आपण इथे सही करायची हं, सावकाश’ असे ती जरा मोठ्याने म्हणाली. ती उद्धट नव्हती, उलट फार प्रेमाने बोलत होती, त्यामुळे तक्रार तरी काय करावी हे मला सुचेना. घरी आल्यावर सून म्हणाली, ‘आई, ती तुम्हाला पेट्रनाइझ करत होती.’ शब्दकोशात पाहिले तेव्हा ‘आश्रय देणे’ असा अर्थ मिळाला. मला आश्रय तर कोणी दिला नव्हता. या वागण्याला मराठीत शब्दच नाही का?

उत्तर : शब्दकोशाने आपल्याला चुकीचे सांगितलेले नाही, त्याने गोष्ट अर्ध्यावर सोडली आहे. ‘पेट्रन’ हा शब्द लॅटिन ‘पॅत्रोनुस’वरून आला आणि त्याच्या मुळाशी ‘पातेर’, म्हणजे पिता, हा शब्द आहे. आपला ‘पितृ’ हा त्याचा चुलतभाऊ. प्राचीन रोममध्ये गुलामाला मुक्त करणारा मालक त्यानंतर त्याचा ‘पॅत्रोनुस’ होत असे, म्हणजे मालकी संपली तरी मोठेपण आणि त्याबरोबरचे काही हक्क त्याच्याकडे राहत. अशा मोठ्या माणसाच्या छत्राखाली वावरणाऱ्याला ‘क्लिएन्स’ म्हणत; आपल्या हिशेब खात्यात रोज ऐकू येणारा ‘क्लायंट’ तो हाच. इंग्रजीत पुढे हा शब्द कलावंताला पोसणाऱ्या धनिकासाठी, संस्थेच्या मोठ्या देणगीदारासाठी आणि दुकानाच्या नेहमीच्या गिऱ्हाइकासाठीही वापरला जाऊ लागला. आपल्याकडच्या वाचनालयांत वर्गणीच्या फलकावर ‘आश्रयदाता सभासद’, ‘आजीव सभासद’, ‘साधारण सभासद’ अशी उतरंड असते, तिच्यातल्या सर्वांत वरच्या पायरीवर बसलेला गृहस्थ म्हणजे हा पेट्रन. इथपर्यंत शब्दाला कसलाही वाईट वास नाही.

वास लागला तो आश्रय देणाऱ्यांच्या वागण्यामुळे. इंग्रजी शब्दकोशकार सॅम्युअल जॉन्सन याला लॉर्ड चेस्टरफील्ड या उमरावाने कोशाच्या कामात वेळेवर मदत केली नाही, आणि कोश प्रसिद्ध होण्याच्या सुमारास मात्र त्याची भलामण करणारे लेख लिहिले. तेव्हा 1755 साली जॉन्सनने त्याला एक पत्र लिहून विचारले की, पाण्यात गटांगळ्या खाणाऱ्याकडे जो निर्विकारपणे पाहत राहतो आणि तो काठाला लागल्यावर मदतीचे ओझे त्याच्या अंगावर टाकतो, त्यालाच आश्रयदाता म्हणायचे ना? त्याच वर्षी निघालेल्या कोशातही त्याने ‘पेट्रन’ या शब्दापुढे अर्थाबरोबर अशी पुस्ती जोडली की, हा बहुधा उद्दामपणे आधार देणारा आणि मोबदल्यात खुशामत घेणारा हलकट माणूस असतो. कोशकाराने स्वतःचा राग नोंदीत उतरवणे नियमाला धरून नाही हे मान्य करूनही ही नोंद मला फार आवडते. त्या शतकाच्या अखेरीस क्रियापदालाही आजचा अर्थ चिकटला होता : समोरचा आपल्याहून खालचा आहे हे मनात ठरवून त्याच्याशी प्रेमळपणे वागणे. ‘प्रेमळपणे’ हा शब्द इथे विसरून चालणार नाही. प्रेमळपणा काढून टाकला तर उरतो तो साधा तुसडेपणा, आणि त्याच्यासाठी मराठीत शब्दांची कधीच टंचाई नव्हती.

आता मराठीकडे येऊ. इंग्रजीत या एका क्रियापदात दोन वागणुकी एकत्र बांधलेल्या आहेत आणि मराठीने त्या वेगळ्या ठेवल्या आहेत. पहिली म्हणजे समोरच्याचे जे हक्काचे आहे ते आपल्या पदरचे दिल्यासारखे देणे. ‘उपकार केल्यासारखे बोलणे’, ‘मेहेरबानी दाखवणे’, ‘मोठेपणा मिरवणे’ हे वाक्प्रचार या पहिल्या वागणुकीचे आहेत. शिधावाटप दुकानात तांदूळ मोजून देणारा आपल्या घरचाच तांदूळ देत असल्यासारखा चेहरा करतो, तेव्हा रांगेतल्या बायका बाहेर येऊन ‘मेहेरबानीच करतोय जशी’ म्हणतात, त्यापेक्षा नेमके वर्णन कोणत्या कोशात सापडणार? पण आपल्या बँकेतल्या मुलीने हे केले नाही. तिने दुसरी गोष्ट केली : समोरच्याला लहान मूल ठरवून त्याची काळजी घेतली.

या दुसऱ्या वागणुकीसाठी मी ‘वडीलकी गाजवणे’ हा शब्दप्रयोग सुचवतो. मराठीत वडील म्हणजे वयाने मोठा, आणि आजच्या बोलण्यात बाप. म्हणजे रोमन ‘पातेर’पासून जी वाट इंग्रजीने तुडवली तीच आपणही घरच्या घरी तुडवलेली आहे. जुन्या वतनांच्या कागदांत वडीलपणाचे, म्हणजे भाऊबंदांत थोरला कोण आणि पहिला मान कोणाचा याचे, तंटे आढळतात; तिथे वडीलपण हा चक्क एक हक्क होता. ‘वडीलकीच्या नात्याने सांगतो’ असे आजही आपण म्हणतो आणि ऐकणाऱ्याला त्याचा राग येत नाही. राग ‘गाजवणे’ या क्रियापदाने येतो, कारण अधिकार गाजवतात, हुकमत गाजवतात, आणि आपल्याकडे नसलेली वडीलकीही गाजवता येते. आपल्या बाबतीत गंमत अशी की, नातीच्या वयाच्या मुलीने आजीवर वडीलकी गाजवली. वय इथे उलटे आहे म्हणून शब्द चुकत नाही, उलट त्याला धार येते.

‘आश्रयदातृत्वाची भावना’ किंवा ‘संरक्षकत्वाचा दृष्टिकोन’ असे शब्द काही भाषांतरांत दिसतात. ते वाचून कोणाच्याही डोळ्यांसमोर ती बँकेतली खुर्ची, तो पुढे सरकवलेला कागद आणि ते हसू उभे राहणार नाही. ‘तुच्छता’ हाही शब्द चालत नाही, कारण तुच्छता दाखवणारा माणूस समोरच्याला ‘सावकाश’ असे म्हणत नाही. ‘बाळबोध वागणूक’ असा प्रयोग एका अनुवादात माझ्या पाहण्यात आला आणि मी कपाळाला हात लावला. बाळबोध म्हणजे सोपे, प्राथमिक, मुलालाही कळेल असे, किंवा जुन्या वापरात मोडीहून वेगळी अशी देवनागरी लिपी. त्यात कोणी कोणाला लहान लेखत नाही.

तरीही ‘मराठीत शब्दच नाही का’ या आपल्या प्रश्नात एक तथ्य आहे. वडीलकी हा आपल्या समाजात मुळात दोष मानला गेला नाही, म्हणून ती करणाऱ्याला दूषण देणारे एकच एक नाम घडले नाही. घडली ती सोसणाऱ्याची वाक्ये. ‘मी काय कुक्कुलं बाळ आहे?’, ‘मला काय दूधखुळा समजलास?’, ‘अक्कल शिकवू नकोस’ ही सगळी वाक्ये ज्याला लहान लेखले गेले त्याच्या तोंडची आहेत. म्हणजे मराठीने या वागण्याला नाव देण्याऐवजी त्याला उत्तर देऊन ठेवले आहे, आणि त्यातली पहिली दोन उत्तरे प्रश्नार्थक आहेत. आपल्याला बँकेत जे सुचले नाही ते यांपैकीच काही होते. ते सुचले नाही याचे कारण मी असे समजतो की, ही वाक्ये भांडणातली आहेत आणि ती मुलगी भांडत नव्हती.

आपल्या पत्रातल्या ‘आपण इथे सही करायची हं’ या वाक्यावर थोडे थांबतो, कारण ही सगळी वागणूक त्या वाक्याच्या व्याकरणात पकडता येते. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये तो असतो. ही सोय हिंदीत नाही, इंग्रजीतही नाही. शिवाय ‘आपण’ हे समोरच्याला उद्देशून वापरायचे सर्वांत आदराचे सर्वनामही आहे, जसे मी या उत्तरात आपल्यासाठी वापरत आहे. आणि या दोहोंच्या आडून तिसरे एक ‘आपण’ वावरते, जे आई जेवायला न बसणाऱ्या मुलाला म्हणते : ‘आपण आता मऊ भात खायचा.’ खायचा असतो फक्त मुलाने. सहीही फक्त आपल्यालाच करायची होती. त्यापुढचा ‘हं’ हा हुकमाला लावलेला लोण्याचा हात आहे. वृद्धांशी हळू, मोठ्याने, लाडिक शब्दांत आणि असे ‘आपण’ वापरून बोलण्याच्या लकबीला इंग्रजीत ‘एल्डरस्पीक’ असे नाव आहे. आपल्याकडे नाव नसले तरी लकब ओळखीची आहे.

मागे एका शस्त्रक्रियेसाठी परळच्या एका रुग्णालयात मी पाच दिवस होतो. तिथे एक डॉक्टर रोज सकाळी येऊन ‘काय, आज शहाण्यासारखं चालायचं ना आपण?’ असे विचारत, आणि मी बासष्ट वर्षांचा गृहस्थ ‘हो’ म्हणत असे. त्याच वॉर्डातला एक वॉर्डबॉय मात्र ‘काका, उठा, चादर बदलायचीय, पाच मिनिटं खुर्चीत बसा’ असे म्हणून मोकळा होत असे. त्याच्या बोलण्यात ‘कृपया’ नव्हते, ‘हं’ही नव्हते. पण त्याने मला का उठायचे आणि किती वेळ बसायचे ही दोन्ही माहिती दिली होती, आणि ती मला दिली होती, माझ्या बायकोला नव्हे. मला पाच दिवसांत मोठ्या माणसासारखे वागवले ते त्याने. मुंबईच्या तुटक बोलण्याला नावे ठेवायची पद्धत आहे. ‘पुढे चला, पुढे चला’ असे ओरडणारा बसचा कंडक्टर सगळ्यांवर सारखाच ओरडतो, आणि त्या ओरडण्यात एक प्रकारची समानता असते असे माझे मत होत चालले आहे.

यावरून ‘आजी’ या हाकेतच दोष आहे असे कृपया समजू नये. पार्ल्याच्या बाजारात भाजीवाली ‘आजी, मेथी संपली, उद्या लवकर या’ असे म्हणते तेव्हा तीही आपल्याला आजीच म्हणते. पण मेथीची बातमी ती आपल्यालाच देते.

प्रश्न (एक वाचक, भांडुप) : मला दृष्टी नाही. मी गेली 18 वर्षे नोकरीसाठी भांडुपहून मस्जिदपर्यंत धीम्या गाडीने एकटा जातो-येतो. गाडीत जवळजवळ रोज कोणीतरी म्हणते, ‘एकटे प्रवास करता? खरंच कौतुक आहे तुमचं.’ परवा एका सद्गृहस्थांनी असेच कौतुक करत माझा दंड धरला आणि मला कुर्ल्याला उतरवून दिले. गाडी गेल्यावर मला ते कळले. कार्यालयातली मंडळी म्हणतात, लोक चांगल्या मनाने बोलतात, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. ‘कौतुक’ या शब्दात मुळात काही खोट आहे, की खोट माझ्या ऐकण्यात आहे?

उत्तर : आपल्या ऐकण्यात खोट नाही. आपल्या कानांना जे जाणवले ते शब्दाच्या वापरातच आहे, मात्र ते त्याच्या मुळात नव्हते. संस्कृतात कौतुक म्हणजे कुतूहल, नवल, उत्सुकता. ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें’ असे ज्ञानेश्वरीत येते तिथेही त्या शब्दात आनंदाची लीला आहे, कोणी कोणाच्या पाठीवर थाप मारत नाही. आजच्या मराठीत मात्र कौतुकाला उतार आला आहे आणि ते पाण्यासारखे वरून खाली वाहते. आजी नातवाचे कौतुक करते, शिक्षक विद्यार्थ्याचे करतात, सासूने सुनेचे केले तर त्याची शेजारीपाजारी चर्चा होते. उलट दिशेने हा शब्द वापरून पाहावा. ‘मला माझ्या गुरुजींचे फार कौतुक वाटते’ असे कोणी म्हटले तर कानाला किंचित खडा लागतो, कारण तिथे आपण आदर, अभिमान किंवा नुसते ‘मानतो मी त्यांना’ असे म्हणतो. म्हणून अनोळखी माणूस जेव्हा गाडीत आपले कौतुक करतो, तेव्हा तो न कळत आधी वर चढून बसलेला असतो.

दुसरी गोष्ट कौतुकाच्या विषयाची आहे. 18 वर्षे रोज तीच गाडी पकडून वेळेवर कामावर पोचणे हे लाखो मुंबईकर करतात आणि त्यांना कोणी शाबासकी देत नाही. आपल्याला ती मिळते याचा अर्थ शाबासकी देणाऱ्याने आपल्याकडून त्याहून कमी काहीतरी अपेक्षिलेले होते. अमराठी आडनावाच्या, पण गिरगावात तीन पिढ्या काढलेल्या माणसाला ‘किती छान मराठी बोलता हो तुम्ही!’ असे म्हणण्यात हीच गफलत आहे. कुर्ल्याच्या फलाटावर सोडून जाणाऱ्या सद्गृहस्थांबद्दल वर सांगितलेल्या जॉन्सनच्या पत्रापलीकडे मी काही लिहू शकत नाही. ‘मदतीचे ओझे अंगावर टाकणे’ हे इतक्या शब्दशः कोणाच्या वाट्याला आल्याचे मी पहिल्यांदाच ऐकले. कुठे उतरायचे आहे एवढे विचारले असते तरी पुरले असते.

चांगल्या मनाचा मुद्दा आपल्या सहकाऱ्यांनी काढला आहे, आणि तो खोटा नाही. पण चांगल्या मनाने दिलेले नावसुद्धा ज्याला दिले त्याला नाकारता येते, याचे एक मोठे उदाहरण आपल्याच शहरात घडलेले आहे. गांधीजींनी अस्पृश्य मानलेल्या समाजांसाठी ‘हरिजन’ हा शब्द प्रचारात आणला आणि 1933 साली त्याच नावाचे साप्ताहिकही सुरू केले. हरीचे जन, म्हणजे देवाची माणसे. शब्दात शिवी नव्हती, गौरवच होता. तरीही 1938 साली मुंबई कायदेमंडळात स्थानिक मंडळांच्या कायद्यातील दुरुस्तीच्या विधेयकात हा शब्द आला तेव्हा भाऊराव गायकवाडांनी त्याला हरकत घेतली. ती मान्य होत नाही असे दिसल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या पक्षाच्या सदस्यांसह सभागृहातून बाहेर पडले. ज्यांच्याबद्दल शब्द आहे त्यांना तो नको असेल तर तो लादू नये, हा त्या हरकतीचा गाभा होता. वरच्याने दिलेले गोड नाव खालच्याने मुकाट घ्यावे अशी अपेक्षा धरणे ही वडीलकीच, फक्त तिची भाषा धार्मिक होती.

‘दिव्यांग’ या शब्दाबाबतही हेच झाले. 2015 च्या अखेरीस पंतप्रधानांनी आकाशवाणीवरच्या भाषणात तो सुचवला, 2016 च्या कायद्याच्या हिंदी नावात तो आला, आणि आता लोकलच्या डब्यावरही तो लिहिलेला असतो. अपंग व्यक्तींच्या अनेक संघटनांनी तेव्हाच हरकत घेतली होती की, आमच्या अंगात दिव्य असे काही नाही, आम्हाला उतरता येईल असे फलाट आणि वाचता येतील असे फॉर्म हवे आहेत. काहींना मात्र तो शब्द मनापासून आवडतो. आपल्याला कोणता शब्द पसंत आहे हे आपण कळवले नाही, म्हणून मी आपल्या पत्रातलाच ‘मला दृष्टी नाही’ हा सरळ शब्दप्रयोग पुढेही वापरेन.

गाडीत द्यायच्या उत्तराबद्दल आपण विचारलेले नाही, तरी एक आठवण सांगतो. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ, त्यांनाही दृष्टी नाही, कोणी कौतुक केले की शांतपणे ‘तुम्हीही एकटेच चाललाय की’ असे म्हणतात.

प्रश्न (एक विद्यार्थी, लालबाग) : वडीलकी गाजवणाऱ्याला ‘उंटावरचा शहाणा’ म्हणता येईल का? ‘उंटावरून शेळ्या हाकणे’ हाही त्याच अर्थाचा वाक्प्रचार आहे का?

उत्तर : दोन्हींत उंट एक असला तरी स्वार वेगळे आहेत. ‘उंटावरून शेळ्या हाकणे’ म्हणजे स्वतः कामात न उतरता, अंग न हलवता दुरून हुकूम सोडणे. यात आळस आणि हलगर्जी आहे, प्रेमळपणा अजिबात नाही. कारखान्यात पाऊल न टाकता दूरध्वनीवरून कामगारांना सूचना देणाऱ्या साहेबाला तो चपखल बसतो.

‘उंटावरचा शहाणा’ मात्र आपल्या विषयाच्या बराच जवळ येतो. गोष्ट आपण लहानपणी ऐकली असेल. रांजणात तोंड घातलेल्या वासराचे डोके अडकले. गावकऱ्यांनी शहाण्याला बोलावले. तो उंटावरून आला, पण वाड्याचा दरवाजा ठेंगणा होता आणि खाली उतरणे त्याला मंजूर नव्हते, म्हणून आधी दरवाजा पाडावा लागला. मग त्याने वासराची मान कापायला सांगितली, आणि मान रांजणात पडल्यावर ती काढण्यासाठी रांजण फोडायला सांगितले. दरवाजा, वासरू आणि रांजण तिन्ही गेले, सल्ला तेवढा राहिला. लोक या गोष्टीत त्याच्या मूर्खपणाला हसतात. मला मात्र तो उंटावरून उतरत नाही हा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. याच वागणुकीला इंग्रजीत दुसरा एक शब्द आहे, ‘कॉन्डिसेन्शन’, आणि त्याचा शब्दशः अर्थ खाली उतरून येणे असा आहे. अठराव्या शतकात एखादा उमराव सामान्यांशी उतरून बोलला तर त्याच्या वागण्याला हा शब्द लावणे ही स्तुती समजली जाई. इंग्रजांचा मोठा माणूस उतरल्याचा देखावा करतो, आपला उंटावरून उतरतच नाही.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे : ज्याला विषयातले काही कळत नाही आणि तरी जो वरून सल्ला देतो, तो उंटावरचा शहाणा. वडीलकी गाजवणाऱ्याला विषयातले पुष्कळ कळत असू शकते. बँकेतल्या त्या मुलीला कराचे नियम पाठ असतील; तिला कळत नव्हते ते एवढेच की, समोरच्या बाईंनाही ते पाठ होते. पुरुषाने एखाद्या बाईला तिच्याच विषयातले समजावून सांगत बसणे यासाठी गेल्या दीड-दोन दशकांत इंग्रजीत ‘मॅन्स्प्लेनिंग’ हा शब्द रुळला आहे. त्याचे मराठीकरण करण्याच्या खटपटीत मी पडत नाही. ‘अक्कल शिकवतोय’ एवढे म्हटले की कोण कोणाला शिकवतोय ते ऐकणाऱ्याला दिसतेच.

प्रश्न (एक मुद्रितशोधक, दादर) : ‘वडीलकी’ की ‘वडिलकी’? आणि ‘मेहरबानी’ की ‘मेहेरबानी’?

उत्तर : ‘वडीलकी’, दीर्घ. ‘वडिलांनी’, ‘वडिलांचा’ या रूपांत विभक्ती लागताना उपान्त्य ‘डी’ ऱ्हस्व होतो, पण ‘वडीलकी’ आणि ‘वडीलधारे’ यांत मूळ ‘वडील’ तसाच राहतो. ‘वडिलोपार्जित’ मात्र ऱ्हस्व लिहितात, त्यामुळे गोंधळ होणे साहजिक आहे. फारसीतून आलेला दुसरा शब्द दोन्ही प्रकारे छापलेला आढळतो; मराठी उच्चाराला ‘मेहेरबानी’ अधिक जवळचे आहे आणि या सदरात तेच वापरले आहे. आपल्या नियतकालिकाची पद्धत वेगळी असेल तर ती पाळावी.